ओटीतला कंद

१

त्या दिवशी सकाळपासून वारं पडलेलं होतं. फाल्गुन सरत आलेला. आभाळ राखेच्या रंगाचं, त्यात ढगही नाही आणि निळंही नाही. सूर्य वर आला तोही धुरकट, ताकात तरंगणाऱ्या लोण्याच्या गोळ्यासारखा. दारातल्या लिंबाचं पान हलत नव्हतं. रस्त्यानं बैलगाडी गेली की फुफाटा उडायचा आणि तिथंच लटकून राहायचा, खाली बसायचं नाव नाही.

तशा दिवशी आम्ही फुलं बघायला निघालो.

आता सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. दुष्काळाचं साल. मिरजगावच्या बाजूला सगळी माणसं खडी फोडायला जात होती आणि रेशनावरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होती. आमची तांबडी गाय गुरांच्या छावणीत बांधलेली होती, गोठा रिकामा होता. अशा दिवसांत आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी जीपमध्ये बसून फुलं बघायला चाललो होतो. ते घडलं कादरमुळं.

कादर म्हणजे शेजारच्या चांदबीचा थोरला. नेवाशाच्या पलीकडं एका बागाईतदाराची जीप चालवायचा. अधूनमधून घरी आला की जीप आमच्या दोन घरांच्या मधे लावायचा. त्या खेपेला त्यानं सांगितलं, की मालकानं विलायती फुलांची बाग केली आहे, टूलिप म्हणतात त्याला, कंद पार काश्मीरकडून आणलेत. बाहेरच्या कुणाला आत सोडत नाहीत. पण गाडी रिकामीच जाणार आणि संध्याकाळी काही सामान घेऊन परत येणार, तर मावशीला दाखवून आणतो.

मावशी म्हणजे आमची राही. बायकोचं नाव मी जन्मभर तोंडानं घेतलं नाही, अगं म्हणूनच हाक मारली. आता घेतो. आम्हाला मूलबाळ नव्हतं. कादर तिच्याच मांडीवर लोळून मोठा झाला. त्या साली टँकरच्या पाण्यात दारातला तिचा मोगरा जगवता आला नाही, तो वाळला तेव्हा ती दिवसभर त्याच्यापाशी बसून होती. म्हणून मी हो म्हणालो. माझ्या मनात तेवढंच होतं, की तिनं एकदा ओलं काहीतरी बघावं.

२

नगर मागं टाकलं, तरी दोन्ही बाजूंना रान नांगरून टाकल्यासारखं तपकिरी. कादर सारखा थट्टा करत होता. मावशीनं लुगडं नवं नेसलंय, मालक तिलाच बागेत लावून घेतील, असं काहीबाही. राही हसत होती. पुष्कळ दिवसांनी हसत होती.

नेवासं गेल्यावर गाडी पाटाच्या कडेनं आडवाटेला लागली. मग तट्ट्यांचं कुंपण दिसलं. दोन पुरुष उंच, दाट विणलेलं, आतलं काही दिसू नये असं. बाहेर एक झाड नाही. जनावर नाही, शेण नाही, दावणीचा खुंटा नाही. मी गुराढोरांत वाढलेला माणूस, कुठंही गेलो की माझी नजर आधी गोठा शोधते. गोठा नव्हता.

पण वास होता.

तो वास मी जीपमधून उतरायच्या आधीच ओळखला. गाय व्याली की मागून जार पडतो, पिशवीसारखा, लोंबता. तो पडेपर्यंत आम्ही हातात काठी घेऊन राखण बसतो, नाहीतर गाय तो खाऊन टाकते. त्या जाराचा वास. गोडसर, कोमट, रक्ताचा आणि दुधाचा मिळून एक. ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. गोठ्यात तो वास आला की माणूस आनंदतो. तिथं, त्या फुफाट्यात, मी उपरणं नाकाला लावलं.

मी कादरला विचारलं, इथं गाय व्याली का रे. तो म्हणाला, काका, इथं शेरडू सुद्धा नाही, मालकांना जनावराचा वास खपत नाही. त्याच्या तोंडात तंबाखू होती. मी राहीकडं पाहिलं. तिनं डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "मोगऱ्यावानी वास हाय न्हाई?"

मी जीपमधून खाली उतरलो. म्हटलं, म्हातारपण. नाकात जुना वास बसून राहिला असेल.

३

तट्ट्याचं दार एका बाईनं उघडलं. साळूबाई नाव. पन्नाशीची, जाड, हसरी. काम टाकून आल्यासारखी होती आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते. पाण्यानं ओले हात वेगळे दिसतात. वासरू अडलं की आत हात घालून ओढावं लागतं, तसे ते हात दिसत होते. तिनं ते लुगड्याला पुसले आणि राहीचा हात धरून तिला आत नेलं. राहीच्या मनगटावर चकचकीत पट्टा उमटला. मी तो बघत राहिलो.

आत ऊन कमी होतं. वर पातळ कापड ताणलेलं. मला वाटलं होतं गार असेल, तर तसं नव्हतं. हिवाळ्यात पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर जनावरांच्या श्वासाची वाफ तोंडावर येते, तशी वाफ आली. त्या वाफेत फुलं उभी होती, ओळीनं, लांबवर. एका दांड्याला एक फूल, वाटीच्या आकाराचं, तोंड वर करून. रंग लाल म्हणावा तर लाल नाही. कोवळ्या वासराची जीभ असते तो रंग.

राही जागीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, एवढं कोवळं मी कधी बघितलं नाही.

मलाही वाटलं, बघावं, चांगलं वाटावं. एवढ्या लांब आलो. म्हणून मी एका फुलाजवळ खाली बसलो. माशी नव्हती, भुंगा नव्हता. पाकळी जाड होती, कडेला बारीक बारीक फोड असल्यासारखी. दुधाची सवय लावायला आम्ही वासराच्या तोंडात बोट देतो, किती वासरांना दिलं असेल त्याचा हिशोब नाही. त्याच सवयीनं मी बोट त्या वाटीत घातलं.

आत गरम होतं. आणि पाकळ्या मिटल्या.

ओढ लागली. मऊ, खरखरीत, लयीत. एकदा, मग थांबून पुन्हा. मी बोट काढलं तेव्हा ते पहिल्या सांध्यापर्यंत बुळबुळीत झालं होतं आणि बोटापासून फुलापर्यंत एक तार ताणली गेली होती. ती तुटेना. मी धोतराला पुसलं, मातीला पुसलं. माती सुद्धा कोमट होती.

मग मनाशी म्हटलं, अरे, फुलात मध असतो. मध चिकट असतो. ऊन धरून फूल गरम होतं. काही काही फुलं हात लागला की मिटतात, लाजाळूचं नाही का. सगळ्याचा उलगडा झाला. तरी मी ते बोट बाकीच्या बोटांना लागू न देता, वेगळं धरून उभा राहिलो.

जमिनीतून एक आवाज येत होता. पोटभर खाल्लेली पुष्कळ जनावरं एकत्र बसून रवंथ करतात, तसा. विहिरीवरचं इंजिन असेल म्हटलं. परत येताना मी मुद्दाम विहीर शोधली. दिसली नाही.

४

साळूबाईनं आम्हाला चटईवर बसवलं आणि पितळ्यांतून खायला आणलं. तो खरवस होता.

खरवस नव्या व्यालेल्या गाईच्या चिकाचा होतो. पहिल्या तीन-चार दिवसांचं घट्ट पिवळसर दूध, त्याच्या वड्या. गुळाचा वास, वर जायफळ. दुष्काळात दोन वर्षं आम्ही खरवस डोळ्यांनी पाहिला नव्हता. कादर म्हणाला, इथं रोज असतो. मी साळूबाईला विचारलं, बाई, चीक कुठला. ती हसली आणि राहीच्या पितळीत आणखी एक वडी घातली.

मी एक तुकडा तोंडात टाकला. दातांखाली तो दबला आणि परत वर आला. गोड होता, मागून खारट. मला गिळवेना. उपरणं तोंडाला लावून मी तो त्यात काढून घेतला, शिंक आल्यासारखं केलं. राहीनं सगळं खाल्लं. बोटं चाटली. मिलो खाऊन खाऊन गालफडं बसलेली माझी बायको, तिला पोटभर खाताना बघून मला बरं वाटायला हवं होतं. मी तिच्या तोंडाकडं बघू शकलो नाही.

निघताना साळूबाईनं पाट मांडला. सवाष्णीला कोरी कशी पाठवू म्हणाली.

हे जरा नीट सांगितलं पाहिजे. राहीला मूल नाही म्हणून गावात तिची ओटी भरायला बायका कचरायच्या. बारशाला, डोहाळजेवणाला तिला पाटावर बसवत नसत. सुपारी हातावर ठेवायच्या आणि वाटेला लावायच्या. तिनं कधी तक्रार केली नाही. आणि इथं एक अनोळखी बाई तिला पाटावर बसवून हळद-कुंकू लावत होती. राहीनं दोन्ही हातांनी पदर पसरला.

साळूबाईनं तांदूळ घातले, खण घातला. आणि नारळाच्या जागी एक कंद ठेवला. मोठ्या कांद्याएवढा, तपकिरी, अंगावर बारीक मऊ केस असलेला. व्यालेल्या गाईच्या कासेवर असतात तसे केस.

"लगी मातीत लावू नगा," ती म्हणाली. "आदी पोटाशी धरा. कळंल तुमाला कवा लावायचा त्ये."

मी पुढं झालो होतो. मला म्हणायचं होतं, की बाई, नारळ नसला तरी चालेल, हे राहू द्या. पण ओटी नाकारत नाहीत. दुसऱ्या कुणाची असती तरी मी बोललो नसतो, आणि ही तर राहीची होती. तिनं पदर गोळा करून कमरेला खोचला आणि माझ्याकडं पाहिलं. लग्नात पाहिलं होतं तसं.

५

गाडीत ती माझ्या कानाशी म्हणाली, की ओटी कोमट लागतेय. मी म्हटलं, उन्हात होती. घरी येईस्तोवर जीपभर तो वास होता. कादरला मी पुन्हा विचारलं, तो म्हणाला, काका, डिझेलचा असेल.

खरवसाचा तुकडा असलेलं उपरणं मी परसात धुतलं. राखेनं धुतलं, निरम्यासारखी कसलीशी पावडर चांदबीकडून मागून आणली, त्या पावडरीनं धुतलं. वास जाईना. शेवटी जाळलं. जळताना मांस जळाल्यासारखं चर्र झालं.

राही ओटी सोडेना. नारळ असता तर फोडून खाल्ला असता. हा कंद ती कमरेला बांधून वावरायची, झोपायची. कामावर जायची बंद झाली. भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडायची आणि काहीतरी गुणगुणायची. दुष्काळात सगळी माणसं वाळत होती, तिचं अंग भरायला लागलं. चेहऱ्यावर तुकतुकी आली. चांदबी म्हणाली, राहीबाई, जीपची हवा मानवली तुला.

मला ते बघवत नव्हतं. रोज ठरवायचो, की आज ती झोपली की कंद काढून घ्यायचा आणि कोरड्या विहिरीत टाकायचा. मग वाटायचं, ओटीतलं टाकत नाहीत, बाईच्या कुशीवर येतं. लगेच दुसरा विचार यायचा, जिची कूस कधी भरलीच नाही तिचं आणखी काय जाणार आहे. या विचाराची मला लाज वाटायची. आणि खरं कारण आणखी साधं होतं. मला त्या वस्तूला हात लावायचा नव्हता. माझं ते बोट अजून मी जेवताना वापरत नव्हतो.

शिवाय मला एक आधार होता. वास मला एकट्यालाच येत होता. कादरला नाही, राहीला नाही. म्हणजे बिघाड माझ्या नाकात होता. म्हाताऱ्या माणसाला असं होतं. बिघाड माझ्यात असेल तर बाकी सगळं ठीक होतं, राही ठीक होती. मी तेवढं घट्ट धरून बसलो. हळूहळू उतरेल म्हटलं. मी जन्मभर असाच वागलो आहे, थांबून, वाट बघून.

एक दिवस तिची चोळी पुढून ओली दिसली. घाम असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशीही ओली होती. मी मान खाली घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

६

त्याच सुमाराला तिनं कंद लावला. रिकाम्या गोठ्यात, तांबडीच्या दावणीपाशी, जिथं जुन्या शेणाची माती मऊ होती. मला विचारलं नाही. गोठ्याच्या दाराला तिनं गोणपाट लावलं आणि म्हणाली, तिकडं जाऊ नका, उजेड लागेल.

तिची कमर रिकामी झालेली बघून मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता तो मातीत गेला. आमच्या मातीत काय उगवतंय. पाणी नाही, काही नाही. मरेल आपोआप.

दुपारी मी जेवायला बसलो, तर तिनं भाकरीऐवजी पितळी पुढं ठेवली. तिच्यात खरवसाच्या वड्या होत्या. पिवळसर, थरथरणाऱ्या.

घरात गाय नाही. गावात दूध नाही, चहा सुद्धा कोरा. मी त्या वड्यांकडं बघत राहिलो. विचारावं म्हटलं, चीक कुठला. पण मला उत्तर नको होतं. तिची चोळी मी बघितली नाही. बघायची नाही असं ठरवून पितळीच्या कडेकडं बघत राहिलो.

ती माझ्यासमोर बसली. पदरानं वारा घालत होती, मी नवा नवरा असताना घालायची तसा.

"खावा की," ती म्हणाली. "आता कमी न्हाई पडायचं."

मी म्हटलं, पोट बरं नाही. ती रागावली नाही. पितळी उचलली आणि गोणपाट बाजूला सारून गोठ्यात गेली. आतून बराच वेळ तिचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. कादर लहान असताना त्याला भरवताना तिचा तोच सूर असायचा.

७

दिवस उगवायच्या वेळेला मला जाग आली. राही अंथरुणात नव्हती. गोठ्याकडून आवाज येत होता.

तो आवाजही ओळखीचा होता. गाय नव्या वासराला चाटते, तेव्हा तिची जीभ ओल्या केसांवरून फिरते. खरखर, मग थांबणं, मग पुन्हा. वासराच्या अंगावरची बुळबुळ निघून जाईपर्यंत ती थांबत नाही. मी उठलो. मनाशी म्हटलं, कुत्रं शिरलं असेल. कुत्रंच असेल. त्याला हाकलावं म्हणून कोपऱ्यातली काठी घेतली.

गोणपाटाच्या फटीतून सकाळचा उजेड आत पडला होता. वास इतका होता, की डोळ्यांना पाणी आलं. राही गुडघ्यांवर आणि हातांवर होती, केस सुटलेले, तोंड खाली. तिची मान हलत होती, पुढं, मागं, पुढं. तिच्या समोर तांबडीच्या दावणीत तो लाल रंग होता, पण वाटीएवढा नाही. चारी पाकळ्या बाहेरच्या बाजूला उलटून मातीवर पसरल्या होत्या, झिजलेल्या कातड्यासारख्या. त्यांच्या मधे काहीतरी ओलं, केसाळ, स्वतःच्या वजनानं लटपटत होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं असं मी म्हणणार नाही. तिथं पाहायला काय होतं तेही मी सांगणार नाही. दवाचा थेंब चमकला असेल. त्या साली दव पडत नव्हतं, तरी तसंच असेल.

काठी गोणपाटाला लागली. राहीनं मान वर केली. तोंडापासून हनुवटीपर्यंत सगळं चकाकत होतं आणि ती इतकी समाधानी दिसत होती, की मला हाक मारता येईना. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव घ्यावं असं वाटलं होतं, तेही घेतलं नाही.

"हळू," ती म्हणाली. "आत्ताच उभं ऱ्हायलंय."

मी मागं सरलो. परसातून आलो, ओट्यावर बसलो. ते बोट दुसऱ्या हातात घट्ट दाबून धरलं होतं. वारं अजूनही पडलेलंच होतं. मी स्वतःला समजावलं, की वास तुला एकट्याला येतो. कान म्हातारे, डोळे म्हातारे, नाक म्हातारं. बिघाड तुझ्यात आहे. थोडा वेळ बस. थोडा वेळ बसून मग आत जा, तिला तोंड धुवायला पाणी दे, चूल पेटव.

तेवढ्यात मधल्या भिंतीवरून चांदबीचं डोकं दिसलं. हातात रिकामी वाटी होती, चेहरा हसरा होता.

"सहादेवभाऊ," ती म्हणाली, "तांबडीला छावणीतनं कवा आनली वो? आमाला कळू बी दिलं न्हाई. जाराचा वास पार आमच्या चुलीपातुर आलाय. कालवड झाली का गोऱ्हा? काय बी असू द्या, पर वाटीभर चीक आमच्या कादरला ठिवा. परवा येनार हाय त्यो, आन त्याला राहीबाईच्या हातचा खरवस लई आवडतो."